एकाच लांबीच्या काठ्या: बावीस हजार घालण्याआधी

ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना बसमध्ये ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणं हा एपिसोडचा लेखी मजकूर. बोललो तसाच उतरवलाय, मधले दहा-बारा "म्हणजे, म्हणजे" तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून निघाला. पोरगा चाकूर तालुक्यातला, म्हणजे माझ्याच गावाकडचा. वय एकोणीस. पुण्यात एका गोल्फ कोर्सवर कॅडी आहे, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग घेऊन बरोबर चालायचं, अंतर सांगायचं, काठी काढून द्यायची. त्याचा आवाज असा: "दादा, एक सेट मिळायलाय. सेकंडहँड. सगळ्या काठ्या एकाच लांबीच्या. बावीस हजार म्हणतोय. ब्रायसनवाला सेट हाय म्हणं. माझी उंची पाच फूट तीन इंच. घेऊ का नको?"

तुमच्यातल्या अर्ध्या लोकांना हसू आलं असेल. चाकूर आणि गोल्फ! लातूर-नांदेड रस्त्यावरचं आपलं गाव, सोयाबीन आणि तूर, आणि हा गोल्फच्या काठ्या विचारतोय. मीही हसलो असतो, पण मी स्वतः पुण्यात ड्रायव्हिंग रेंजवर बॉल गोळा करत करत काठ्या दुरुस्त करायला शिकलेला माणूस. आणि बावीस हजार ही रक्कम त्या पोराच्या किती महिन्यांची आहे हे मला माहीत आहे. शिवाय कॅडीच्या पोरानं खेळायचं स्वप्न बघणं यात खुळं काही नाही. १९९१ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता. २००९ला तीच स्पर्धा जिंकणारा मुनियप्पा बंगळुरूत कॅडीच होता. तर प्रश्न गंभीर आहे आणि उत्तरही नीट द्यायला पाहिजे.

आधी ज्यांनी गोल्फ फक्त मोबाइलवर पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. आम्ही रेंजवरची पोरं क्लबला काठीच म्हणतो, मीही तसंच म्हणणार. त्यातल्या लोखंडी तोंडाच्या काठ्या म्हणजे आयर्न. त्यांना नंबर असतात. नंबर लहान तर काठी लांब, तोंड उभं, बॉल लांब जातो. नंबर मोठा तर काठी आखूड, तोंड कललेलं, बॉल उंच जाऊन जवळ पडतो. या कलण्याला लॉफ्ट म्हणतात.

नेहमीच्या सेटमध्ये ५ नंबर साधारण ३८ इंच, ६ नंबर साडेसदतीस, ७ नंबर ३७, ८ नंबर साडेछत्तीस, असा दर नंबरला अर्धा अर्धा इंच कमी होत जातो. आणि इथं एक गंमत आहे जी दुकानात कुणी सांगत नाही. काठी अर्धा इंच आखूड झाली की पुढचं लोखंड साधारण ७ ग्रॅम जड करतात. ५ नंबरचं हेड २५६ ग्रॅमच्या आसपास, ७ नंबरचं २७०, ९ नंबरचं २८४. का? तर हातात फिरवताना सगळ्या काठ्या सारख्याच वजनाच्या वाटाव्यात म्हणून. लांबी कमी केली, वजन वाढवलं, हिशेब जुळला.

एकाच लांबीच्या सेटमध्ये हा हिशेबच मोडून टाकलाय. सगळ्या काठ्या ७ नंबरएवढ्या, म्हणजे ३७ ते साडेसदतीस इंच. सगळ्यांची हेडं एकाच वजनाची. जमिनीवर ठेवल्यावर दांड्याचा जो कोन होतो, ज्याला लाय म्हणतात, तोही एकच. बदलतो फक्त लॉफ्ट. त्यामुळं उभं राहायचं एकाच पद्धतीनं, बॉल पायांमध्ये एकाच जागी, स्विंग एकच.

कल्पना जुनी आहे. टॉमी आर्मर कंपनीनं १९८०च्या दशकाच्या शेवटी ईक्यूएल नावानं असा सेट काढला होता, तो फार चालला नाही. मग आला ब्रायसन डीशॅम्बो. फिजिक्स शिकणारा पोरगा. त्यानं सतराव्या वर्षाच्या आसपास आपल्या सगळ्या आयर्न साडेसदतीस इंचांच्या करून घेतल्या. २०१५ला अमेरिकेतल्या कॉलेजांची एनसीएए स्पर्धा आणि यूएस अमॅच्युअर दोन्ही जिंकल्या, पुढं २०२० आणि २०२४ला यूएस ओपन जिंकलं, तेही एकाच लांबीच्या आयर्नवर. त्याच्यामुळं कोब्रा कंपनीनं असे सेट सर्वसामान्यांसाठी बाजारात आणले, आणि आता त्यातलेच काही फिरत फिरत आपल्याकडं सेकंडहँडमध्ये येतात.

इथपर्यंत ऐकून वाटतं, अरे, सोपंच झालं की. मलाही तसंच वाटलं होतं.

माझी उंची पाच फूट चार इंच. चार वर्षांपूर्वी मी असाच एक सेट घेतला. कुणाकडून ते सांगत नाही, त्यानं फसवलं नाही, मीच विचारलं नाही. साडेसदतीस इंची होता. पहिल्या दिवशी ७ नंबर मारला, बॉल डावीकडं. ८ मारला, डावीकडं. ९ मारला, आणखी डावीकडं. मी उजव्या हाताचा आहे. मला वाटलं, माझाच स्विंग बिघडलाय. ग्रिप बदलली. पाय बदलले. यूट्यूबवर तीन मास्तर बघितले, तिघांचं तीन. सहा महिने गेले आणि कमरेत कळ यायला लागली ती वेगळीच.

मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं काठीच्या तळाला टेपचा तुकडा चिकटवला आणि कडक प्लास्टिकच्या फळीवरून हळू मारायला सांगितलं. टेपवर खरचटल्याची खूण आली ती टाचेकडं, म्हणजे दांड्याच्या बाजूला. दुसरी काठी, तिथंही टाचेकडं. सगळ्या काठ्या, सगळ्या खुणा टाचेकडं. काठी माझ्यासाठी लांब आणि जास्त उभी होती. जमिनीला लागताना तिचं टोक वर उचललेलं राहायचं आणि तोंड डावीकडं बघायचं. लॉफ्ट जितका जास्त तितका हा घोळ जास्त, म्हणून ९ नंबर ७ पेक्षा वाईट.

आता यातलं महत्त्वाचं ऐका. नेहमीच्या सेटमध्ये लांबी तुम्हाला अर्धा इंच चुकली तरी एखादी काठी हाताला बरी बसतेच, कारण लांब-आखूड सगळंच त्यात असतं. कॅडी पोरं बघा, "माझा ८ नंबर चांगला जातो" असं म्हणतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. एका लांबीच्या सेटमध्ये ती सोय नाही. एक बसली तर सगळ्या बसल्या. एक चुकली तर सगळ्या चुकल्या, आणि तुम्हाला कळतही नाही, कारण तुलना करायला बॅगेत दुसरं मापच नसतं. म्हणून सेट कुठल्या कंपनीचा, ब्रायसनचा की कुणाचा, हा प्रश्न नंतरचा. आधी ती एक लांबी तुमच्या अंगाची आहे का?

हे आपल्याला नवीन नाही खरं तर. खुरपणीला निघालेल्या बायका आठवा. प्रत्येकीचं खुरपं घरून आणलेलं. माझी आजी दुसऱ्या कुणाचं खुरपं हातात धरायचीच नाही, म्हणायची मनगट धरतं. टिकावाला दांडा बसवायचा तर सुतार आधी माणसाकडं बघायचा, मग लाकडाकडं. उंच माणसाला दांडा आखूड पडला की संध्याकाळी कंबर गेली, आणि बुटक्याला लांब पडला की घाव भलतीकडं बसायचा. शाळेच्या मैदानावर मोठ्या भावाची बॅट असायची तेव्हा आपण हँडल खाली धरूनच खेळायचो ना? कुणी शिकवलं नव्हतं.

तर माप कसं घ्यायचं. नुसती उंची सांगून भागत नाही. ज्या बुटांत खेळता ते बूट घाला, भिंतीजवळ ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटावर जिथं घडी पडते तिथपासून जमिनीपर्यंत दुसऱ्याला मोजायला सांगा. स्वतः वाकून मोजू नका, वाकलात की माप गेलं. हे अंतर साधारण ३४ ते ३६ इंच असेल तर बाजारातली नेहमीची लांबी तुम्हाला चालण्यासारखी आहे. ३२ ते ३४ मध्ये असाल तर अर्धा इंच कमी लागेल. त्याहून खाली तर इंचभर. हे सुरुवातीचं माप, अंतिम नव्हे. एकाच उंचीच्या दोन माणसांत हे अंतर दोन इंचांनीही वेगळं असू शकतं. आमच्या रेंजवर एक पोरगा माझ्याहून चार बोटं उंच आहे, पण हात गुडघ्यापर्यंत येतात, त्याला आणि मला एकच काठी चालते.

माझं माप आलं साडेबत्तीस. मी घेतली होती साडेसदतीस इंची काठी. आता तुम्हीच बघा.

लांबीनंतर लाय. त्याची घरगुती परीक्षा सोपी आहे आणि तिला फळीही लागत नाही. व्हाइटबोर्डचा मार्कर घ्या, बॉलवर जाड उभी रेघ मारा. ती रेघ काठीच्या तोंडाकडं येईल असा, सरळ उभा बॉल ठेवा आणि मारा. रेघेची खूण तोंडावर उमटते. खूण तोंडावरच्या आडव्या खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. खुणेचं वरचं टोक काठीच्या टोकाकडं झुकलं असेल तर काठी तुम्हाला जास्त उभी आहे, दांड्याकडं झुकलं असेल तर जास्त सपाट. एका फटक्यावर निकाल देऊ नका, दहा तरी मारा.

यावर एक गोष्ट सांगतो. डीशॅम्बोच्या काठ्या मुद्दाम खूप उभ्या केलेल्या आहेत, कारण तो हात उंच धरतो, दंडापासून काठीपर्यंत जवळपास एक सरळ रेघ, आणि ग्रिप एवढी जाड की तळहातात भरते. त्याचा तो स्विंगच वेगळा आहे. आपण टेनिस बॉल क्रिकेट खेळून आलेलो. आपले हात खाली, मनगट मोकळं. त्याच्या स्विंगसाठी बनलेली काठी आपल्या स्विंगला लावली की बॉल डावीकडं जाणारच. "ब्रायसनवाला सेट" ऐकून भुलू नका एवढंच.

आता स्विंग. माप जुळलं तरी हा सेट प्रत्येकाचा नाही.

७ नंबरएवढ्या लांबीत ५ नंबर बसवला की ती काठी इंचभर आखूड होते. आखूड काठी बॉलवर बसते छान, मध्यभागी लागते, हा फायदा खरा आहे. पण वेग कमी होतो. वेग कमी आणि तोंड उभं, म्हणजे बॉल वर उठत नाही. ज्याच्या स्विंगमध्ये मुळात जोर आहे त्याला फरक पडत नाही. ज्याचा स्विंग हळू, त्याचा ५ नंबर आणि ६ नंबर एकाच ठिकाणी जाऊन पडतात. मग दोन काठ्या बाळगून उपयोग काय? उलट टोकाला वेजचं बघा. ती नेहमीपेक्षा दीड इंच लांब होते. पूर्ण फटका मारला तर अंदाजापेक्षा लांब जाते, आणि ग्रीनजवळ अर्धा, पाव फटका मारायचा असतो तिथं लांब काठी अडचणीची वाटते. ईक्यूएलच्या वेळी हीच तक्रार होती. आताच्या सेटमध्ये लांब पल्ल्याच्या काठ्यांची तोंडं पातळ आणि उसळती करून, लॉफ्टचे अंश इकडं-तिकडं करून त्यावर बराच इलाज केलाय, पण हळू स्विंगवाल्याला पूर्ण उतारा मिळालेला नाही.

दुसरा भेद म्हणजे तुम्ही बॉल कसा काढता. काही जण वरून टिकाव घातल्यासारखं मारतात, बॉलपुढची माती उडते. काही जण झाडू फिरवल्यासारखं गवतावरून काढतात. टिकाववाल्यांना लांब काठ्या मुळातच जमत नाहीत, त्यांना एका लांबीचा सेट मानवतो असा माझा रेंजवरचा अनुभव. झाडूवाले आणि त्यातही हळू, त्यांनी ५ नंबरच्या जागी हायब्रिड घ्यावी आणि विषय संपवावा.

हे सगळं पैसे न घालता तपासता येतं का? येतं. कुणाचाही साधा सेट एक तास मागून घ्या. ५, ७ आणि ९ नंबर, प्रत्येकी दहा बॉल. एकाआड एक मारा, सलग नको. किती नीट लागले ते लिहून ठेवा, मनात नको. जर ७ नंबर एकदम चांगला आणि बाकी दोन वाईट, तर एका लांबीच्या सेटचा विचार करण्यात अर्थ आहे. तिन्ही सारखेच बरे जात असतील तर तुम्हाला त्यातून काही मिळणार नाही, आहे ते चालू द्या. आणि ७ नंबरच दहातले तीन नीट लागत असतील तर भाऊ, आत्ता कुठलाच सेट घेऊ नका. पैसे बॉलच्या बादल्यांवर घाला.

मग ५ नंबर इंचभर खाली धरून मारून बघा. हेडला मागून शिशाची पट्टी लावायला विसरू नका, १४ ग्रॅमच्या आसपास, नाहीतर काठी हलकी लागेल आणि परीक्षा खोटी ठरेल. तसा मारलेला ५ नंबर तुमच्या नेहमीच्या ६ नंबरच्या पुढं पडतो का? निदान दहा यार्ड पुढं पडायला पाहिजे. पडत असेल तर तुमच्या स्विंगला हा सेट पेलतो.

एक सावधगिरी. काही दुरुस्तीवाले सांगतात, तुमचाच जुना सेट कापून-जोडून एका लांबीचा करून देतो, तीन हजारात. देऊ नका. आधी सांगितलं ना, दर नंबरला हेडचं वजन ७ ग्रॅमनं बदलतं. लांबी एक केली आणि वजन तसंच राहिलं की ५ नंबर पिसासारखा आणि ९ नंबर हातोड्यासारखा होतो. वाढवता तरी येतं, ९ नंबरमधून १४ ग्रॅम काढणार कुठून?

माझ्या सेटचं पुढं काय झालं? मिस्त्रीनं ग्रिपा काढून वरून अर्धा अर्धा इंच कापला. कापल्यावर हेड हलकं वाटतं, म्हणून प्रत्येकाला ६ ग्रॅम शिसं लावलं. अर्धा इंच गेल्यानं काठी जमिनीवर आपोआप अंशभर सपाट बसली, आणखी अंशभर त्यानं वाकवून दिली. घडीव लोखंड होतं म्हणून जमलं, ओतीव असतं तर मोडायची भीती असते, तेव्हा सेकंडहँड घेताना हेही विचारा. डावीकडं जाणं थांबलं. ६ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत आजही तोच सेट वापरतो. ५ नंबर मात्र माझ्याच्यानं उठेना, तो विकला. ग्रीनजवळची ५६ अंशांची वेज साधी, आखूड ठेवलीय. म्हणजे माझा सेट अर्धाच एका लांबीचा आहे म्हणा ना. मला त्याची लाज वाटत नाही.

आता त्या पोराकडं येऊ. त्याच्या बाजूनं एक मुद्दा जबरदस्त आहे, तो मी मान्य केला. कॅडीला सराव मिळतो किती? आठवड्यातून एखादा दिवस, तोही उजाडायच्या आधी. मोजक्या बॉलमध्ये सात काठ्यांचे सात पवित्रे घोटण्यापेक्षा एकच पवित्रा घोटणं परवडतं. रोज तीनशे बॉल मारणाऱ्या मेंबरपेक्षा या पोराला असा सेट जास्त कामाचा. म्हणून मी त्याला सरळ "नको" म्हटलं नाही.

फोन करून मनगटाचं माप विचारलं. रूमवरच्या मित्राकडून मोजून घेतलं, ३२ला थोडं कमी. म्हणजे त्याला साडेछत्तीसच्या आसपास काठी लागणार, आणि सेट आहे साडेसदतीसचा. इंचभर कापायचं म्हटलं तर प्रत्येक हेडला १२ ग्रॅम शिसं, नवीन ग्रिपा, वाकवणं, मजुरी. बावीसचे सत्तावीस-अठ्ठावीस होतात. त्यात हेडं ओतीव निघाली तर वाकवणंही नाही.

त्याला म्हणलं, विकणाऱ्याला एवढंच सांग, फक्त ७ नंबर दोन दिवसांसाठी दे, डिपॉझिट ठेवतो. नाही म्हणाला तर सौदा सोड. दिला तर इंचभर खाली धर, शिसं मी देतो, मार्कर तुझा. तीस बॉल मार.

काल रात्री त्याचे फोटो आले. काठी मिळाली त्याला. तीस फटक्यांचे तीस फोटो काढलेत पठ्ठ्यानं, प्रत्येकात तोंडावरची रेघ. पहिले बारा टोकाकडं झुकलेले. मग बहुतेक त्यानं आणखी खाली धरलं असणार, कारण तेराव्यापासून रेघ उभी व्हायला लागलीय, पण आता खूण मध्यावर नाही, टोकाकडं सरकलीय. म्हणजे तो बॉलपासून लांब उभा राहतोय. सोमवारी सकाळी सहाला रेंजवर ये म्हटलंय, विकणाऱ्याला अजून एक दिवस थांबायला सांगितलंय.

तुम्हीही फोटो पाठवणार असाल तर काठीच्या शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि मनगटाचं माप सोबत लिहा. नुसत्या उंचीवर मी काही सांगत नाही.